चिन्ह उलटं का होतं? रोल्ल्यातल्या शुक्रवारच्या वर्गातून

शारजातल्या रोल्ला भागाला हे नाव एका वडाच्या झाडावरून मिळालं. ते झाड आता नाही, चौकातल्या बागेत त्याच्या आठवणीचं शिल्प आहे. त्या चौकापासून चालत पाच-सात मिनिटांवर आमचं घर. २०२२ पासून शारजातल्या शाळांना शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते. त्यातल्या शुक्रवारी सकाळी आमच्या दिवाणखान्यात सात-आठ मराठी मुलं गणिताला जमतात. शिकवणी म्हणावी इतकं ते शिस्तशीर नसतं. पोहे असतात, आरडाओरडा असतो आणि मधूनमधून गणितही असतं.

गेल्या वर्षी आठवीतली एक मुलगी वही घेऊन आली. प्रश्न होता: −३क्ष ≤ १२. तिनं दोन्ही बाजूंना −३ ने भागून उत्तर लिहिलं होतं क्ष ≤ −४, आणि त्यावर लाल फुली होती. शेजारी शेरा: ‘चिन्ह उलटव.’ तिनं मला विचारलं, “काकू, पण का उलटवायचं? बाबांना विचारलं तर ते म्हणाले, नियम आहे.”

खरं सांगायचं तर मीही तो शाळेत नियम म्हणूनच पाठ केला होता. ‘ऋण संख्येनं गुणलं की चिन्ह फिरतं’, पुढं प्रश्न नाही. नंतर काही वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतानाही मी तो तसाच फळ्यावर लिहिला. तिच्या प्रश्नानं मला पहिल्यांदा लाज वाटली. गणितात ‘नियम आहे’ हे उत्तर एकदा चाललं की मूल हळूहळू प्रश्न विचारणंच सोडतं, आणि मग बीजगणित म्हणजे कुणीतरी दिलेल्या हुकुमांची यादी होऊन बसते.

त्या शुक्रवारपासून आम्ही असमानता (कुणी असमीकरण म्हणतं) हा विषय हातापायांनी शिकलो. त्यातले जमलेले खेळ इथे देते. सामान घरातलंच आहे: चिकटपट्टी, बांगड्या, नाणी, टिकल्या आणि पत्त्यांचा जोड. कुठल्याही देशातल्या दिवाणखान्यात ते चालावेत.

आधी भाषा: ‘कमीत कमी’ म्हणजे जास्त!

पहिली चूक गणिताच्या आधीच होते. ‘कमीत कमी ५० गुण हवेत’ हे चिन्हात लिही म्हटलं, तर निम्मी मुलं गुण < ५० असं लिहितात. वाक्यात दोनदा ‘कमी’ ऐकू आलेलं असतं, मग ‘पेक्षा लहान’चं चिन्ह येणारच. ‘जास्तीत जास्त ३० किलो’चंही तसंच, ‘जास्त’ ऐकून मुलं > लिहून मोकळी होतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ‘ॲट लीस्ट’ आणि ‘ॲट मोस्ट’ अगदी असेच फसवतात.

यावर आम्ही चिठ्ठ्यांचा खेळ करतो. एका डब्यात रोजच्या बोलण्यातल्या वाक्यांच्या चिठ्ठ्या ठेवायच्या:

– पन्नासच्या आत काम झालं पाहिजे.
– पन्नासपर्यंत चालेल.
– पन्नासच्या वर एक दिर्‍हमही देणार नाही.
– निदान पन्नास तरी घेऊन जा.
– अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांनाच प्रवेश.

चिठ्ठी काढणाऱ्यानं चिन्ह लिहायचं नाही. आधी तीन संख्या सांगायच्या: एक नक्की चालणारी, एक नक्की न चालणारी आणि एक सीमेवरची. ‘निदान पन्नास’ला ६० चालतात, ४० चालत नाहीत, बरोबर ५० चालतात. मग चिन्ह आपोआप ठरतं: ≥ ५०. सीमेवरच्या संख्येवर खरी वादावादी होते. ‘पन्नासच्या आत’मध्ये पन्नास येतात का? आमच्याकडे यावर दोन तट पडले आणि ते पडणं मला आवडलं. बोलण्यात जे मोघम चालतं ते गणितात ठरवून सांगावं लागतं, हे मुलांना तिथे पहिल्यांदा कळलं.

या चिन्हांचा इतिहासही मजेशीर आहे. ‘=’ हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञानं १५५७ साली छापलं. ‘<’ आणि ‘>’ मात्र दिसले थेट १६३१ मध्ये, इंग्लंडच्या थॉमस हॅरियटच्या पुस्तकात, आणि तेही तो वारल्यावर दहा वर्षांनी. ‘किंवा समान’ ही सोय खाली रेघा जोडून देणारा फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगेर आला १७३४ साली. म्हणजे ‘बरोबर’ लिहिता आल्यानंतर ‘लहान किंवा बरोबर’ लिहायला माणसाला पावणेदोनशेच्या वर वर्षं लागली. आपली मुलं एका तासात गोंधळली तर फार मनावर घेऊ नये.

जमिनीवरची संख्यारेषा

दिवाणखान्यात चिकटपट्टीची लांब रेघ, तिच्यावर −१० ते १० आकडे. बस, एवढंच साहित्य. प्रत्येक मूल एका आकड्यावर उभं राहतं. मी एक असमानता म्हणते, ज्याचा आकडा तिच्यात बसतो त्यानं हात वर करायचा.

‘क्ष + २ > ५’ म्हटल्यावर ४, ५, ६… वरचे हात वर जातात. ३ वरचा मुलगा अर्धवट हात वर करून थांबतो. ३ + २ म्हणजे ५, आणि ५ हे ५ पेक्षा मोठे नाहीत. हात खाली. तिथे आम्ही बांगडी ठेवतो. बांगडी म्हणजे ‘इथपर्यंत या, पण ही जागा आपली नाही’. असमानता ‘क्ष + २ ≥ ५’ असती तर तिथे एक दिर्‍हमचं नाणं ठेवलं असतं, कारण ती जागाही आपलीच. पुस्तकातलं पोकळ वर्तुळ आणि भरीव वर्तुळ ते हेच.

या खेळात मुलांना न सांगता एक मोठी गोष्ट कळते. समीकरणाचं उत्तर बहुधा एखादा आकडा असतो, एकच हात वर जातो. असमानतेचं उत्तर म्हणजे हातांची रांग. आणि ३.२ वर कोण उभं आहे? कुणीच नाही, पण तोही उत्तरात आहे. ३.०१ आणि ३.०००१ सुद्धा. “मग सगळ्यात लहान उत्तर कोणतं?” असं विचारलं की पाच मिनिटं शांतता. असं सगळ्यात लहान उत्तरच नाही. बांगडीच्या कितीही जवळ जा, आणखी जवळ जागा उरतेच.

एक इशारा. ‘मगर मोठा घास खाते’ ही युक्ती बहुतेक मुलं शाळेतून शिकून येतात. धन संख्यांपुरती ती ठीक आहे. −५ आणि −२ समोर आले की मगर फसते आणि ‘५ मोठे’ म्हणून −५ कडे तोंड उघडते. अशा वेळी मी इमारतीची लिफ्ट आठवायला सांगते. तळघराचा दुसरा मजला वर की पाचवा? दुसरा. म्हणून −२ > −५. लिफ्टमध्ये जे वर, ते संख्यारेषेवर उजवीकडे.

आरशातला खेळ: चिन्ह उलटण्याचं कारण

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. दोघांना २ आणि ५ वर उभं केलं. दोघांच्या हातात एक लांब ओढणी, म्हणजे एकमेकांचं नातं सुटायला नको. सुरुवातीला २ < ५, म्हणजे दुसरा पहिल्याच्या उजवीकडे आहे. मग हुकूम सुरू:

‘दोघांत ३ मिळवा.’ दोघं ५ आणि ८ वर. दुसरा अजून उजवीकडेच.

‘दोघांतून ७ वजा करा.’ दोघं −२ आणि १ वर. दुसरा अजून उजवीकडेच. वजाबाकीनं चिन्ह फिरत नाही, दोघं मिळून फक्त सरकतात.

परत २ आणि ५ वर. ‘दुपटीनं गुणा.’ ४ आणि १०. अंतर ताणलं गेलं, बाजू तीच.

परत मूळ जागी. ‘−१ ने गुणा.’ दोघं शून्य ओलांडून पलीकडे जातात, एक −२ वर, दुसरा −५ वर. आता उजवीकडे कोण? पहिला! ओढणी तीच, माणसं तीच, पण डावं-उजवं बदललं. शून्यावर आरसा धरला असता तर त्यात हेच दिसलं असतं. −२ > −५. चिन्ह कुणी ‘उलटवलं’ नाही, दोघंजण चालत गेले आणि ते उलटं झालं.

एका मुलानं लगेच विचारलं, “आणि ० ने गुणलं तर?” दोघंही शून्यावर येऊन एकमेकांवर आदळले. नातंच संपलं, ० = ०. म्हणून शून्यानं गुणून असमानता सोडवत नाहीत.

मोठ्या मुलांसाठी हेच दोन ओळींत. समजा अ < ब. दोन्ही बाजूंतून अ वजा करा आणि ब सुद्धा वजा करा. डावीकडे अ − अ − ब म्हणजे −ब उरतो, उजवीकडे ब − अ − ब म्हणजे −अ. वजाबाकीनं चिन्ह फिरत नाही हे आपण आत्ताच चालून पाहिलं. म्हणून −ब < −अ. झालं. पाठ करायला काही उरलंच नाही.

मग तिचं उदाहरण पुन्हा घेतलं, या वेळी भागाकार न करता. −३क्ष ≤ १२. दोन्हीकडे ३क्ष मिळवू: ० ≤ १२ + ३क्ष. दोन्हीकडून १२ वजा: −१२ ≤ ३क्ष. आता ३ या धन संख्येनं भागू: −४ ≤ क्ष. म्हणजेच क्ष ≥ −४. चिन्ह न उलटवताही तेच उत्तर आलं.

आणि आमच्या वर्गाची एक कायमची सवय तेव्हापासून: शून्य घालून बघ. −३ × ० = ०, ते १२ पेक्षा लहान, म्हणजे ० उत्तरात हवं. ‘क्ष ≤ −४’ मध्ये ० नाही, म्हणजे कुठेतरी चूक आहे. दहा सेकंदांचं काम. परीक्षेत लाल फुली पडण्याआधी आपली आपल्याला दिसते.

खोटं पकडा

नववी-दहावीच्या मुलांना हा खेळ फार आवडतो. मी बिनचूक दिसणारं विधान फळ्यावर लिहिते, त्यांनी ते खोटं पाडणारी एक संख्या शोधायची. एकच पुरे.

‘अ < ब असेल तर अ चा वर्गही ब च्या वर्गापेक्षा लहान.’ कुणीतरी ओरडतं: −३ आणि २! वर्ग ९ आणि ४. विधान पडलं.

‘१/क्ष < १ असेल तर क्ष > १.’ हे जरा वेळ टिकतं. मग −२ सापडतो: −१/२ हा १ पेक्षा लहान आहे, पण −२ काही १ पेक्षा मोठा नाही. खरं उत्तर: क्ष > १ किंवा क्ष < ०. चूक कुठे झाली? दोन्ही बाजूंना क्ष ने गुणताना क्ष धन आहे असं आपण गुपचूप धरलं होतं. ज्याचं चिन्ह माहीत नाही अशा अक्षरानं गुणणं म्हणजे डोळे मिटून आरशात शिरणं.

हे शोधायला हुशारी कमी आणि चिवटपणा जास्त लागतो. गणितात मागे पडलेली मुलं इथे अनेकदा पुढे जातात.

दुपारी साडेबारा ते तीन

आमच्या खिडकीतून समोर एका इमारतीचं काम दिसतं. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ या वेळात थेट उन्हात, उघड्यावर मजुरांकडून काम करवून घ्यायला बंदी आहे. त्या वेळात माणसं सावलीला टेकलेली दिसतात. मुलांना मी म्हटलं, हा कायदा चिन्हांत लिहा.

वेळ ‘व’ धरू, चोवीस तासांच्या घड्याळात. बंदीची वेळ: १२.५ ≤ व ≤ १५. ही दोन वाक्यं आहेत, ‘व कमीत कमी १२.५’ आणि ‘व जास्तीत जास्त १५’. मग कामाची वेळ कोणती? पहिलं उत्तर ठरलेलं: १२.५ > व > १५. जमिनीवरच्या रेघेवर उभं राहून बघा म्हटलं. १५ पेक्षा मोठी आणि १२.५ पेक्षा लहान अशी एकही वेळ नाही! या उत्तरानं बिचाऱ्यांना कधीच काम मिळणार नाही. बरोबर उत्तर: व < १२.५ किंवा व > १५. ‘आणि’ची उलट बाजू ‘किंवा’ असते, हा तर्कशास्त्राचा धडा त्या दिवशी समोरच्या इमारतीनं दिला. एका मुलानं विचारलं, “काकू, सोळा सप्टेंबरला ऊन कमी होतं का हो?” त्याला मी गणितातून उत्तर देऊ शकले नाही. सीमा माणसं आखतात, ऊन आखत नाही.

२२ एप्रिल १९९८, शारजा

आमच्या पिढीला शारजा म्हटलं की क्रिकेटचं मैदान आठवतं, आणि ते रोल्ल्यापासून काही फार लांब नाही. मुलांनी तो सामना पाहिलेला नसतो, पण त्यांच्या बाबांना तो तोंडपाठ असतो. म्हणून हा खेळ बाबांना बोलावून करायचा.

ऑस्ट्रेलियानं ५० षटकांत २८४ केल्या. मध्येच वाळूचं वादळ आलं, खेळ थांबला, आणि भारतासमोर नवं गणित आलं: ४६ षटकांत जिंकायला २७६, पण न्यूझीलंडला धावगतीत मागे टाकून अंतिम फेरीत जायला २३७ पुरे. म्हणजे एकाच डावाला दोन असमानता. धावा ‘ध’ धरल्या तर:

जिंकण्यासाठी: ध ≥ २७६
अंतिम फेरीसाठी: ध ≥ २३७

रेषेवर दोन नाणी ठेवली की तीन भाग पडतात: हरून बाहेर, हरून आत, जिंकून आत. सचिन तेंडुलकरनं १४३ केल्या, भारताच्या झाल्या २५०. मुलांनी २५० वर उभं राहायचं आणि सांगायचं आपण कुठे आहोत. २३७ ≤ २५० < २७६. सामना हरला, अंतिम फेरी गाठली! दोन दिवसांनी, स्वतःच्या पंचविसाव्या वाढदिवशी, सचिननं अंतिम सामन्यात १३४ केल्या आणि भारत जिंकला. बाबा लोक इथे हमखास विषयांतर करतात, करू द्यावं.

मग थोडं पुढचं गणित, आकडे कल्पनेतले. समजा ४० षटकांत २०० झाल्या आहेत, ६ षटकं उरली आहेत, षटकामागे ‘र’ धावा हव्यात. अंतिम फेरीसाठी २०० + ६र ≥ २३७, म्हणजे र किमान ६.१७ च्या आसपास. जिंकण्यासाठी २०० + ६र ≥ २७६, म्हणजे किमान १२.६७ च्या आसपास. एकाच क्षणी एक असमानता हाताशी आहे आणि दुसरी डोंगराएवढी. कर्णधारानं धोका किती घ्यायचा हे या दोन आकड्यांमधल्या दरीवर ठरतं.

बॅग आणि टिकल्या

गावी जायच्या आदल्या रात्री वजनकाट्यावर बॅग चढवणं, उतरवणं, पुन्हा चढवणं. हा असमानतेचा तास आपल्यातल्या प्रत्येकाच्या घरी होतो. मर्यादा ३० किलो. बॅग आणि कपडे मिळून १८. दूध पावडरचा डबा अडीच किलोचा. १८ + २.५क्ष ≤ ३०, म्हणून क्ष ≤ ४.८. पण ४.८ डबे कुणी नेत नाही, म्हणून ४. पाच नव्हे! नेहमीसारखं पूर्णांकात आणायला गेलं तर काउंटरवर दंड बसतो.

आता दोन वस्तू. उरलेले १२ किलो, खजुराचं पाकीट १ किलोचं, डबा सोयीसाठी २ किलोचा धरू. पाकिटं ‘क्ष’, डबे ‘य’: क्ष + २य ≤ १२. चौकटीच्या कागदावर आडवे ० ते १२ आणि उभे ० ते ६ असे आकडे घालायचे. प्रत्येक जोडीचं वजन मुलांनी मोजायचं. बसत असेल तर हिरवी टिकली, नसेल तर लाल. एकूण ९१ जागा. मुलं वाटून घेतात आणि दहा मिनिटांत कागद भरतो.

रेघ कुणीच काढलेली नसते. तरी हिरव्या आणि लाल टिकल्यांच्या मध्ये ती दिसायला लागते, तिरकी, स्वच्छ. हा क्षण चुकवू नये. ‘रेघ काढा आणि एक बाजू रंगवा’ असं पुस्तक सांगतं, इथे रेघ शेवटी येते आणि का आली ते दिसतं. हिरव्या टिकल्या मोजा: खालून वर १३, ११, ९, ७, ५, ३, १. बेरीज ४९, म्हणजे ७ चा वर्ग. पहिल्या सात विषम संख्यांची बेरीज, फुकटात.

मग आजीचा निरोप येतो: खजूर कमीत कमी ४ पाकिटं, डबे कमीत कमी २. क्ष ≥ ४, य ≥ २. आता उरतात ९ टिकल्या, एका छोट्या त्रिकोणात. त्याचे कोपरे: (४, २), (८, २), (४, ४). जास्तीत जास्त नग न्यायचे तर (८, २), एकूण १०. पण गावी एका डब्याचं मोल तीन पाकिटांइतकं असेल तर? (८, २) ला १४, (४, ४) ला १६. उत्तर बदललं, पण पुन्हा कोपऱ्यावरच आलं. सर्वांत चांगला पर्याय कोपऱ्यावर सापडतो, हाच बारावीतल्या रेषीय प्रायोजनाचा गाभा. अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँट्झिगनं १९४७ मध्ये कोपऱ्याकोपऱ्यानं उत्तराकडे जाण्याची पद्धत मांडली. आजीची यादी तिचंच छोटं रूप.

याच बॅगेत सोन्याचा प्रश्नही असतो. भारताच्या २०१६ च्या बॅगेज नियमांत, वर्षाहून जास्त काळ परदेशी राहून परतणाऱ्या पुरुषाला शुल्काविना २० ग्रॅमपर्यंत आणि ५०,००० रुपयांपर्यंतचे दागिने असं लिहिलं होतं, स्त्रीला ४० ग्रॅम आणि १ लाख. (नियम बदलतात, प्रवासाआधी ताजे पाहावेत.) दोन असमानता, मध्ये ‘आणि’. खरी अडवायची कोणती? ५०,००० ला २० नं भागा: ग्रॅमला २,५०० रुपये. भाव याच्या वर असेल तर किमतीची अट आधी लागायची. ग्रॅमला ५,००० भाव धरला तर फक्त १० ग्रॅम. ‘वीस ग्रॅम चालतं’ एवढंच अर्धवट ऐकून येणारा तेव्हा विमानतळावर अडकायचा, कारण त्यानं ‘आणि’ ऐकलेलंच नसायचं.

चार पत्ते आणि दुबईचा रस्ता

शेवटचा खेळ माझा सर्वांत आवडता. पत्त्यांच्या जोडातले चार पत्ते घ्या. ते भिंगरीसारखे असे मांडा की प्रत्येकाची लांब बाजू पुढच्याच्या आखूड बाजूला जोडून बाहेर एक चौरस होईल. मधोमध एक छोटं चौरस भोक उरतं.

पत्त्याची लांबी अ, रुंदी ब. बाहेरच्या चौरसाची बाजू अ + ब. भोकाची बाजू अ − ब. चार पत्त्यांचं क्षेत्रफळ ४अब. भोकाचं क्षेत्रफळ ऋण कसं असेल? म्हणून

(अ + ब)² ≥ ४अब

९ सेंटिमीटर बाय ६ सेंटिमीटरचे चार कागद घेऊन ताळा बघा: १५ चा वर्ग २२५, चार कागद २१६, भोक ९. अ आणि ब समान केले, म्हणजे पत्तेच चौरस कापले, की भोक नाहीसं होतं आणि ≥ चं = होतं.

आता हे भोक रोज आपला वेळ कसा खातं ते बघू. रोल्ल्याहून दुबईला कामाला जाणारे पहाटे निघतात, समजा २० किलोमीटर, ताशी ८० च्या वेगानं: १५ मिनिटं. संध्याकाळी परत येताना ताशी २०: एक तास. सरासरी वेग किती? मुलं (आणि आईबाबा) पटकन सांगतात ५०. पण ४० किलोमीटरला ७५ मिनिटं लागली, म्हणजे ताशी ३२. पन्नास कधीच झालं नसतं.

कारण जाताना अ आणि येताना ब वेग असेल तर सरासरी येते २अब ÷ (अ + ब). ती साध्या सरासरीपेक्षा, म्हणजे (अ + ब) ÷ २ पेक्षा, जास्त कधीच नसते. दोन्हीकडे २(अ + ब) या धन संख्येनं गुणून पाहा: ४अब ≤ (अ + ब)². चार पत्त्यांचंच चित्र! सकाळ-संध्याकाळच्या वेगात जितकी तफावत, तितकं भोक मोठं. सकाळी कितीही दामटली तरी संध्याकाळची कोंडी भरून निघत नाही, हे आता सिद्ध झालेलं आहे.

जाता जाता

हे खेळ घरी करणार असाल तर तीनच गोष्टी सांभाळा. चिन्ह शेवटी लिहा, आधी चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या संख्या बोलू द्या. सीमेवरच्या आकड्यावर भांडू द्या. आणि ‘नियम आहे’ हे वाक्य त्या तासापुरतं बंद.

ती आठवीतली मुलगी आता नववीत आहे. मध्यंतरी तिचे बाबा तिला सोडायला आले, तर दारातच तिनं त्यांना थांबवलं, “बाबा, तुम्ही २ वर उभे राहा, मी ५ वर.” ऑफिसचे बूट काढून ते चिकटपट्टीवर उभे राहिले. “आता −१ ने गुणा.” दोघंही शून्य ओलांडून पलीकडे गेले. बाबा −२ वर थांबले, डावीकडे वळून बघितलं, लेक तिथे −५ वर उभी. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, असं आहे होय.”

त्यांनी दहावीला गणितात पैकीच्या पैकी मिळवले होते.